गोठा आणि माहिती-केंद्र

पिकांविषयीं बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. गोठ्याविषयीं बोलणारे थोडे. वास्तविक ज्याच्या वांट्याला गुंठाभरही जमीन आलेली नाहीं, अशा माणसाच्या दारांतही एखादी शेळी किंवा म्हैस बांधलेली असते, आणि घरांत रोकड पैसा येतो तो बहुधा तिच्याच जिवावर. 2019 सालच्या विसाव्या पशुगणनेंत भारतांत 19 कोटी 25 लक्ष गाईबैल, जवळजवळ 11 कोटी म्हशी आणि 14 कोटी 88 लक्ष शेळ्या मोजल्या गेल्या. ही एवढी संपत्ति कांहीं मोठमोठ्या गोशाळांतून एकवटलेली नाहीं. ती दोन-दोन, तीन-तीन जनावरांच्या हिशेबानें कोट्यवधि कुटुंबांच्या पडवींत विखुरलेली आहे. तिच्यावर आपत्ति येते ती एकेका घरावर येते, आणि सांगून येत नाहीं. पिकावर कीड पडली तर शेतकऱ्याला विचार करावयास चार दिवस तरी मिळतात. पहिल्या पावसानंतरचा कोंवळा चारा अधाशीपणानें खाऊन जिचें पोट नगाऱ्यासारखें फुगलें आहे, त्या गाईला चार घटकाही मिळतील असा भरंवसा नाहीं.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भारतांत, आफ्रिकेंत आणि इतर विकसनशील देशांत खेडोपाडीं माहिती-केंद्रें उघडण्याचे अनेक प्रयोग झाले. एक खोली, तींत एक संगणक, बाहेरच्या जगाशीं जोडणारी एखादी तार किंवा बिनतारी यंत्रणा, आणि तें सारें चालविणारा एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी, असें ह्या केंद्राचें सामान्य स्वरूप. हवामान, बाजारभाव, सरकारी योजना, परीक्षांचे निकाल हें सर्व तेथें मिळावें अशी कल्पना. ह्या केंद्राचा जनावरें पाळणाऱ्या गरिबाला काय उपयोग होतो, आणि होतो तो नेमका कशानें होतो, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

पुदुच्चेरीचा प्रयोग ह्या बाबतींत लक्षांत घेण्यासारखा आहे. चेन्नई येथील एम्. एस्. स्वामिनाथन संशोधन संस्थेनें 1998 सालीं पुदुच्चेरीच्या आसपासच्या खेड्यांतून अशीं केंद्रें काढण्यास आरंभ केला. विल्लियनूर हें त्यांचें मुख्य ठाणें. त्या खेड्यांपैकीं किळूर हें एक. 18 ऑक्टोबर 1954 रोजीं लोकप्रतिनिधींनीं मतदान करून फ्रेंच अंमल सोडण्याचा व भारतांत सामील होण्याचा कौल दिला, तें हेंच गांव. ह्या किळुरांत एका बाईची एकुलती एक दुभती गाय व्यायच्या वेळीं अडली. पांच दिवस व पांच रात्री ती कण्हत होती. बाईला लिहितां-वाचतां येत नव्हतें, आणि घरांत भरंवशाची मिळकत म्हणावी तर त्या गाईच्या दुधाचीच. अखेर गाईची वार्ता गांवांतल्या एका परोपकारी शेतकऱ्याच्या कानीं गेली. संस्थेचा संगणक त्याच्याच घराच्या बाहेरच्या खोलींत होता, आणि त्याची कॉलेजांत शिकलेली तरुण मुलगी तो बिनपगारी चालवीत असे. तिनें संगणकांतून त्या भागांतल्या पशुवैद्यांची यादी काढली. त्यांतला एक डॉक्टर त्याच रात्रीं आला, विजेच्या एका दिव्याच्या उजेडांत त्यानें गाईच्या पोटांत हात घातला, वांसराच्या पायाला दोरी बांधली आणि तें ओढून बाहेर काढलें. मे 2000 मध्यें ही हकीकत 'न्यूयॉर्क टाइम्स' ह्या अमेरिकन दैनिकानें छापली, आणि ती वाचून अनेकांना संगणकाचें मोठें कौतुक वाटलें.

कौतुक वाटावें हें योग्यच आहे. परंतु यंत्रानें ह्यांत काय केलें तें नीट पाहावें. अडलेल्या गाईला कसें सोडवावें हें त्यानें सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तरी त्याचा त्या बाईला कांहीं उपयोग नव्हता. त्यानें दिली ती फक्त एक यादी, जी भिंतीवर खडूनेंही लिहितां आली असती. आणि दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. यादी गांवांतच होती, गायही गांवांतच होती, आणि तरी मध्यें पांच दिवस गेले. केंद्राच्या खोलीपासून त्या गोठ्यापर्यंतचें अंतर चेन्नईपासून किळूरपर्यंतच्या अंतरापेक्षां मोठें ठरलें. तें तोडलें संगणकानें नव्हे. शेजारणीपाजारणींच्या बोलण्यानें, एका सज्जन शेतकऱ्यानें आणि त्याच्या मुलीनें तोडलें. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, पशुपालकासाठीं काढलेल्या केंद्राची परीक्षा त्यांत किती माहिती सांठविली आहे ह्यावरून करूं नये. त्याच्या दारांतून निघालेलें माणूस किती वेळांत गोठ्याशीं पोंचतें ह्यावरून करावी.

पुदुच्चेरीच्या संस्थेला ह्याची जाण नव्हती असें नाहीं. केंद्रें काढण्यापूर्वीं तिनें गांवोगांव चौकशी केली कीं, लोक एखादी गोष्ट विचारावयास सध्यां कोणाकडे जातात. आढळलें तें असें कीं, दुकानदार, बाजार आणि खतें-औषधें विकणारा हेच त्यांचे सल्लागार. म्हणजे ज्याला माल खपवावयाचा आहे, त्यालाच रोगाचें निदान विचारावयाचें! आपल्या तालुक्याच्या गांवीं याहून निराळें दृश्य दिसतें असें मला वाटत नाहीं. म्हणून संस्थेनें अटी घातल्या: जागा गांवानें द्यावी, विजेचा खर्च गांवानें सोसावा, चालविणारीं माणसें गांवांतलींच असावीं, त्यांत स्त्रिया असाव्या, आणि जातपात न पाहतां कोणालाही आंत येतां यावें. एंबलम् येथें देवळाच्या आवारांत केंद्राला जागा मिळाली. वीरमपट्टिणम् ह्या कोळ्यांच्या गांवीं तर खोलींतली माहिती खोलींत ठेवलीच नाहीं. समुद्राच्या लाटांच्या उंचीचा अंदाज अमेरिकन आरमाराकडून इंटरनेटद्वारां मिळवून तो ध्वनिवर्धकावरून साऱ्या किनाऱ्याला ऐकविला जाई. होडी ढकलण्यापूर्वीं कोळ्याला केंद्रांत जाऊन संगणकापुढें बसावें लागत नसे. लसीकरणाचा दिवस कोणता, हें गोठ्यांत शेण काढणाऱ्या बाईला अशाच रीतीनें ऐकूं यावयास हवें.

ह्याच 1998 सालीं महाराष्ट्रांतही एक मोठा प्रयोग सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणेच्या खोऱ्यांत सुमारें 70 गांवें संगणकांनीं जोडण्याची ती योजना होती. शेतकऱ्यांना पिकांची, रोगांची, बाजाराची माहिती मिळावी हा तिचा एक मुख्य हेतु. प्रत्यक्षांत ह्या यंत्रांवर बव्हंशीं साखर कारखान्याचाच हिशेब चालला: कोणाच्या उसाचें वजन किती भरलें, बिल किती निघालें, तोडीची पाळी केव्हां. पुढें 2006-07 च्या सुमारास कांहीं गांवांत ह्या संगणकाच्या जागीं साधा मोबाइल फोन ठेवून पाहिला, आणि तेंच काम लघुसंदेशांनीं अधिक सोपें व स्वस्त झालें. ह्यावरून कित्येकांनीं योजना फसली असा निष्कर्ष काढला. मला तो पटत नाहीं. शेतकऱ्यानें आपल्याला स्पष्टच सांगितलें कीं, उसाविषयीं सर्वसाधारण ज्ञान मला नको. माझ्या उसाचें वजन सांग. हीच गोष्ट गाईची. 'गाईंची निगा कशी राखावी' हें पुस्तक केंद्रांत कोणी वाचीत बसणार नाहीं. माझी गाय केव्हां व्यायची, तिला कोण पाहावयास येईल, आणि काल तिचें दूध कां कमी झालें, ह्या तीन प्रश्नांचें उत्तर मिळत असेल तर मात्र माणूस पावसांतही येईल.

पहिला प्रश्न घ्या. गाय साधारणतः एकवीस दिवसांनीं माजावर येते, आणि माज टिकतो तो अर्धा दिवस, फार तर पाऊण दिवस. सकाळीं लक्षण दिसलें तर संध्याकाळीं आणि संध्याकाळीं दिसलें तर दुसऱ्या सकाळीं कृत्रिम रेतन करावें, असा साधा नियम आहे. म्हशीचा प्रकार अधिक अवघड. उन्हाळ्यांत तिचा माज पुष्कळदां मुका असतो, हंबरणें नाहीं कीं अस्वस्थपणा नाहीं. ही वेळ एकदां हुकली म्हणजे तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे तिला चारा घालावयाचा आणि बदल्यांत कांहीं नाहीं. केनियांत सू काहुम्बू ह्या बाईंनीं 2011 सालीं 'आय-काऊ' नांवाची सोय ह्याच मर्मावर बोट ठेवून काढली. शेतकऱ्यानें गाय भरल्याची तारीख आपल्या साध्या फोनवरून कळवावयाची. मग त्या तारखेपासून पुढें ज्या त्या वेळीं ज्याची त्याची आठवण त्याला त्याच फोनवर मिळत जाते. पंचांग जसें साऱ्या गांवाचें एक असतें, तसें हें नव्हे. हें एकेका गाईचें स्वतंत्र पंचांग आहे.

तिसऱ्या प्रश्नासाठीं तर नवी इमारत बांधावयाची कांहींच गरज नाहीं. आपल्याकडे ज्या गांवीं दूध संस्था आहे, त्या गांवीं माहिती-केंद्र आधींच आहे. फक्त त्याला तसें कोणी म्हणत नाहीं. दिवसांतून दोनदां जनावरवाला तेथें येतो. त्याचें दूध मोजलें जातें, त्यांतील स्निग्धांश, म्हणजे ज्याला सगळे फॅट म्हणतात तो, आणि इतर घन पदार्थ यंत्रावर पाहिले जातात, आणि त्याच्या हातांत चिठ्ठी पडते. ही चिठ्ठी म्हणजे भाव ठरविण्याचें साधन, असेंच आपण समजतों. पण ती गोठ्याची नाडीही आहे. कासदाह, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात, तो पुष्कळदां आंतल्या आंत असतो. कास सुजत नाहीं, दुधांत गांठी दिसत नाहींत, आणि तरी दूध घटतें, त्यांतले घन पदार्थ उतरतात. मालकाला वाटतें, चारा कमी पडला असेल. ज्याच्या घरीं एकच गाय आहे, त्याच्या आठ दिवसांच्या चिठ्ठ्या ओळीनें लावून पाहिल्या तर संशय घेण्याइतका पुरावा त्यांत असतो. तो पुरावा रोज संस्थेच्या संगणकांत जमा होतो आणि तेथेंच राहतो, कारण मोजणाऱ्याला तो पाहावयास कोणी सांगितलेलें नाहीं. 'अहो, चार दिवस तुमचें दूध उतरलें आहे, गाय दाखवून घ्या', एवढें वाक्य त्यानें बोलावें आणि भिंतीवर पशुवैद्याचें नांव व 1962 हा सरकारी फिरत्या पथकाचा निःशुल्क क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. ह्यापेक्षां अधिक मोठी योजना आंखण्यापूर्वीं एवढें करून पाहावें.

आतां सांथीच्या प्रसंगाकडे वळूं. लम्पी हा गुरांचा चर्मरोग भारतांत प्रथम 2019 सालीं ओडिशांत आढळला, आणि ऑगस्ट 2022 मध्यें महाराष्ट्रांत जळगांव जिल्ह्यांत त्याची सांथ दिसूं लागली. अंगभर गांठी, ताप, गळणारी लाळ. बैल उभा राहीना, गाय दूध देईना. डांस, चावऱ्या माशा व गोचिड ह्यांच्या द्वारां हा रोग पसरतो. माणसाला तो होत नाहीं. सरकारनें शेळ्यांच्या देवीवरील लस गुरांना टोंचण्याची मोठी मोहीम काढली आणि गुरांचे बाजार बंद ठेवले. पण लसीच्या आधीं वावडी पोंचली. दूध पिऊं नये, तें विषारी झालें आहे, अशा बातम्या फोनाफोनीं फिरल्या, आणि ज्यांच्या गोठ्यांत एकही जनावर आजारी नव्हतें त्यांनाही दूध कोणी घेईल कीं नाहीं ही चिंता लागली. माहितीचा तेव्हां दुष्काळ नव्हता; उलट महापूर होता. हवें होतें तें गांवाच्या ओळखीचें एक तोंड, ज्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे. असें तोंड सांथ आल्यावर तयार करतां येत नाहीं. आदल्या चार वर्षांत त्यानें लोकांच्या चार अडलेल्या गाई सोडविलेल्या असाव्या लागतात.

शिवाय सांथीच्या वेळीं माहितीला उलट्या दिशेनेंही वाहावें लागतें. पहिलें आजारी जनावर गोठ्यांत दिसतें, कचेरींत नव्हे. 2009 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणें सांसर्गिक रोगाचा संशय आल्यास मालकानें गांवच्या अधिकाऱ्याला कळविणें बंधनकारक आहे, आणि त्यानें तें जवळच्या पशुवैद्याला कळवावयाचें आहे. कायदा ठीक आहे; पण कळविल्यावर बाजार बंद होईल, शेजारी दोष देतील, आणि मदतीला मात्र कोणी येणार नाहीं, अशी मालकाची समजूत असेल तर तो गप्प बसेल. बुळकांडीचें उदाहरण येथें आठवतें. ह्या रोगानें शतकानुशतकें गोठे ओस पाडले. त्याची शेवटची नोंद केनियांत 2001 सालीं झाली, 2006 मध्यें भारत त्यापासून मुक्त ठरला आणि 2011 मध्यें सारें जग. पूर्व आफ्रिकेंतील दुर्गम कुरणांत त्याचा अखेरचा माग काढतांना पशुवैद्यांनीं जी युक्ति केली ती अशी कीं, ते गुराख्यांजवळ बसले, रोगांचीं गुराख्यांनीं ठेवलेलीं नांवें शिकले, आणि कोणत्या सालीं कोणत्या पाणवठ्यावर कोणता रोग आला हें त्यांच्याच तोंडून वदवून घेतलें. ज्यांना आपण माहिती देऊं पाहतों, त्यांच्यापाशीं केवढी माहिती असते! आपल्या केंद्रांतल्या मुलाला घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, आंत्रविषार हीं नांवें ठाऊक नसतील आणि इंग्रजी नांवांचीच यादी त्याच्यापुढें असेल, तर म्हातारीनें सांगितलेलें लक्षण तो कोणत्या रकान्यांत लिहिणार?

म्हातारी म्हटलें, तें सहज नव्हे. शेण काढणें, धार काढणें, वैरण आणणें, व्यायला झालेल्या म्हशीजवळ रात्र जागणें हीं कामें घरोघर बायकाच करतात; संस्थेच्या खात्यावर नांव मात्र बहुधा पुरुषाचें. गाईचें दुखणें जिला प्रथम कळतें, ती केंद्रावर येत नाहीं, आणि जो येतो त्याला तें दुसऱ्याच्या तोंडून कळलेलें असतें. शेळीवालीचें तर दूध संस्थेशींही नातें नाहीं. तिच्यासाठीं आपल्याकडे 'उमेद' अभियानांतून पशुसखी तयार झाल्या आहेत, ही मला ह्या सगळ्या विषयांतली सर्वांत आशेची गोष्ट वाटते. गांवांतलीच बाई, शेळ्यांना जंताचें औषध पाजण्याचें, लसीकरणाची वेळ सांगण्याचें व प्रथमोपचार करण्याचें शिक्षण घेतलेली. ती शेळीवालीच्या दारीं जाते. हें चालतें-बोलतें माहिती-केंद्र आहे. धनगरांच्या बाबतींत तर दुसरा उपायच नाहीं. दिवाळीच्या सुमारास मेंढरें घेऊन जो वाडा हलतो, त्याला एका गांवच्या खोलींतल्या संगणकाचा उपयोग काय? त्याच्या वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाला कोणाला हांक मारावयाची, एवढेंच त्याला आधीं कळलें पाहिजे.

एक गोष्ट मात्र केंद्रानें कटाक्षानें टाळावी. औषधाचें नांव आणि मात्रा सांगण्याचा मोह फार असतो, कारण विचारणाऱ्याला तेंच हवें असतें. जंतुनाशक सुई टोंचलेल्या गाईचें दूध कांहीं दिवस विकावयाचें नसतें, हें सुईबरोबर कोणी सांगत नाहीं. डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक आपल्याकडे गुरांना सर्रास दिलें जाई. तें दिलेल्या मेलेल्या जनावरांचें मांस खाऊन देशांतलीं गिधाडें इतकीं मेलीं कीं, 2006 सालीं गुरांसाठीं त्याच्या वापरावर बंदी घालावी लागली. अर्धवट सल्ला गोठ्यापुरताच राहत नाहीं. केंद्रानें लक्षण लिहून घ्यावें, वैद्याला कळवावें, आणि तो येईपर्यंत काय करूं नये तेवढें सांगावें.

राहतां राहिला तो पैशाचा प्रश्न, आणि बहुतेक केंद्रें त्यावरच बसलीं. देणगी असते तोंवर दिवा जळतो. मग संगणकावर फडकें पडतें. किळूरची ती मुलगी बिनपगारी काम करीत होती. चांगुलपणावर एक मुलगी चालते, सत्तर गांवांची व्यवस्था चालत नाहीं. ज्या गांवाचें रोज 2000 लिटर दूध संस्थेंत जातें, तेथें लिटरमागें दहा पैसे बाजूला काढले तर दिवसाला 200 आणि महिन्याला 6000 रुपये होतात. तेवढ्यांत गांवांतलीच एखादी मुलगी रोज कांहीं तास चिठ्ठ्या पाहील, फोन करील, यादींतले क्रमांक चालू आहेत कीं नाहींत हें दर महिन्याला तपासील आणि दिवसाकाठीं चार गोठ्यांवर जाऊन येईल. रोज दहा लिटर दूध घालणाऱ्या घराला ह्यापोटीं एक रुपया पडतो. तो कापून घ्यावयाचा कीं नाहीं हें संस्थेच्या वार्षिक सभेंत ठरवावें, आणि त्या दिवशीं धार काढणाऱ्या बायकांनाही सभेला बोलवावें.